तांदळाच्या डब्यातला फोन

११ सप्टेंबर

सईचा फोन तांदळाच्या डब्यात ठेवला. वरून दोन वाट्या तांदूळ. झाकण लावलं.

जागा मंदारने सुचवली. कपाटं ती उघडते, डबे उघडत नाही. पण ती तिथेच होती, फ्रिजला टेकून, सगळं बघत.

"इट्स नॉट इव्हन वेट," म्हणाली.

भिजलेला फोनच असा तांदळात ठेवतात. मंदारला हसू आलं. मग मलाही. ती हसली नाही.

कारण केमिस्ट्री. ऑनर्सचा वर्ग, म्हणजे वरचा. तिने स्वतः मागून घेतलेला. पहिल्या टेस्टला सी. दुसरीला त्याहून खाली. मं.ने तिच्या फोनचा रिपोर्ट काढला, कुठल्या ॲपवर किती वेळ. रंगीत पट्ट्या. केमिस्ट्रीच्या मार्कांशेजारी धरून तिला दाखवला, एकाच प्रयोगाची दोन टोकं असावीत तसा.

"दहावी आहे तुझी."

"बाबा, इट्स जस्ट टेन्थ ग्रेड."

बदल्यात बटणांचा फोन दिला. कॉल करता येतो, दोन ओळींचा मेसेज जातो. बसमधून उतरून घरात शिरली की मला फोन करायचा. एवढंच.

मार्कांचा प्रश्न नाही, सवयीचा आहे, असं मं. झोपताना म्हणाला. मार्कांचाच आहे. ऑनर्समधून खाली उतरवलं तर तिला काय वाटेल याचा नाही, मला काय वाटेल याचा. हे इथेच लिहायचं.


१२ सप्टेंबर

कामावर, लायब्ररीत, सकाळी गोष्टी वाचून दाखवायची वेळ. लहान मुलं, त्यांच्या आया, सांडलेलं नाश्त्याचं सीरियल. पुस्तक हातात असताना खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा. बाहेर जाऊन उचलला. मं.

"सई घरी आहे."

"शाळेत आहे."

"लोकेशन घरचं दाखवतंय. शाळा बुडवलीय तिने. निघतोय मी. व्हाया फॉर्टी नको, हायवेला ट्रॅफिक असेल. आतून येतो."

"मंदार, तो ठिपका तांदळात आहे."

त्याच्या मागे कोणीतरी मीटिंगमध्ये बोलत होतं.

"हां," म्हणाला. "यार."

आत आले तर गोष्ट कुठे थांबली होती ते सापडेना. पुढे बसलेल्या एका चिमुरडीने सांगितलं. अस्वल दारात होतं.


१७ सप्टेंबर

नागपूरहून ताईचा फोन. तिचा ओंकार दहावीला. खरोखरच्या. केबल काढली. ओंकारचा फोन भाऊजींनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय, ताईच्या पाटल्यांशेजारी.

"आमच्याकडे दहावी म्हणजे वर्षभर सुतक गं. कुणाकडे जाणं नाही, कुणाचं येणं नाही. सईचीपण दहावीच ना?"

हो म्हणाले.

इथे दहावीला बोर्ड नाही. हॉल तिकीट नाही. पेपर सुटायच्या आधी फाटकाशी ताटकळणारे बाप नाहीत. नववी आणि अकरावीच्या मधलं एक वर्ष. ताईला सांगून झालंय, तिला पटत नाही. मं.ला माहीत आहे. मलाही. तरी तो शब्द उच्चारला की आम्ही तिघंही ताठ बसतो.

सईला त्या शब्दात फक्त दहा ऐकू येतं.


२२ सप्टेंबर

फोनची बॅटरी संपली. लोकेशनच्या ॲपवर सईच्या नावापुढे राखाडी वर्तुळ. शेवटचं ठिकाण: घर.

दिवसभरात कितीदा तरी उघडून बघितलं. राखाडी. ती शाळेत आहे हे माहीत असताना. काय बघत होते कोण जाणे.

घरात आवाज नाही. पूर्वी तिच्या खोलीतून हसण्याचे तुकडे यायचे, कुणाशी तरी, कशावर तरी. आता दार उघडं ठेवते. पलंगावर उताणी. विचारलं, काय करतेस? "नथिंग." खोटं नव्हतं.

जेवताना सांगत होती, मुलींच्या ग्रुपवर शनिवारचं काहीतरी ठरलं, तिला सोमवारी कळलं. मं. म्हणाला, मग फोन करून विचारायचं मैत्रिणीला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तार पाठव म्हणाला असता तरी असंच बघितलं असतं तिने.

भात लावताना फोन बाजूला करून तांदूळ घेतले. गार होता. वाटलं त्याहून जड.


२६ सप्टेंबर

माझ्या फोनवर शाळेचं ॲप आहे. मार्क पडले की टिंग. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ मोठ्या टाइपातलं पुस्तक मागत होते. टिंग. केमिस्ट्री, घरचा अभ्यास: मिसिंग. लाल अक्षरात.

त्यांना चुकीच्या कपाटाशी नेलं.

संध्याकाळपर्यंत आणखी एक. मिसिंग. फोन डब्यात, शाळेचा लॅपटॉप समोर, टेबलावर वही. आणि मिसिंग.

अनुपस्थित नाही. अपूर्ण नाही. हरवलेलं. पोलिसांच्या यादीतला शब्द. असल्या शब्दांशी खेळत बसते आणि काम राहून जातं.


२९ सप्टेंबर

आज बोलणं झालं. मं. उभा, ती बसलेली, मी सिंकपाशी.

"केलाच नाहीस अभ्यास?"

"केला."

"मग मिसिंग कसा?"

"सबमिट होत नाही. इट वोन्ट टेक इट."

"फोन होता तेव्हा बरं सबमिट व्हायचं?"

"एक्झॅक्टली."

हे एक्झॅक्टली मं.ला उर्मटपणा वाटला. मलाही. तिची वही उचलून बघितली. गणितं सोडवलेली होती, पानंच्या पानं. मं. म्हणाला, ही आत्ताची असतील. ती उठून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर ताईला मेसेज केला. मनात होतं ते लिहिलं. लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.


२ ऑक्टोबर

दसरा. मं. ऑफिसातून लवकर आला. अंगणातल्या रेडबडची पानं सोनं म्हणून. आपट्यासारखीच दिसतात, इथे सगळे तीच वाटतात.

पाटावर मं.चा लॅपटॉप, माझा शब्दकोश, सईचा शाळेचा लॅपटॉप. हळदकुंकू, झेंडू. कुंकू तिच्या की-बोर्डवर सांडलं. एस आणि डीच्या मध्ये लाल.

"शुड वुई डू द फोन टू?" सईने विचारलं. डब्याकडे बघून.

मं. म्हणाला, नको तिथे डोकं चालवू नकोस. पण तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी तिघं एका जागी बसलो होतो. मग मी बोलून गेले, लहानपणापासून तोंडात बसलेलं. आज हे उघडायचं नाही. उद्या फूल काढलं की मग.

"नॉट इव्हन फॉर होमवर्क?"

"आम्हाला वर्षातून तेवढा एकच दिवस अभ्यास न करायची परवानगी असायची."

"ओके," म्हणाली. नमस्कार केला. नीट, दोन्ही हात जोडून. श्रीखंड दोनदा घेतलं.


३ ऑक्टोबर

टिंग. मिसिंग.

"यू सेड," सई म्हणाली. बस यायची होती, बूट घालत होती.

लॅपटॉपवरचं फूल मीच काढलं. कुंकू निघत नाही.


७ ऑक्टोबर

केमिस्ट्रीच्या बाईंचा मेल. सौजन्यपूर्ण, आखूड. सई वर्गात लक्ष देते. घरचा अभ्यास मात्र येत नाही, आला तर वाचता येत नाही. असंच राहिलं तर क्वार्टरच्या शेवटी तिला साध्या वर्गात घालणं तिच्याच हिताचं ठरेल. महिनाअखेर कळवीन. सोबत उदाहरणादाखल एक फोटो.

फोटो बराच वेळ बघितला. सई लॅपटॉपसमोर वही उघडून धरून बसलीय. बोटं अर्ध्या पानावर. अक्षरं धुरकट, उलटी. वहीच्या वरून तिचा एक डोळा, आणि मागे आमच्या स्वयंपाकघराचा दिवा.

खाली बाईंनी लिहिलंय: बाकीची मुलं फोनने पान स्कॅन करतात. सईकडे फोन नाही का?

दुपारी लायब्ररीत लक्ष देऊन बघितलं. शाळा सुटल्यावर येणारी मुलं. वही टेबलावर, फोन वर धरायचा, टक्. पुढचं पान, टक्. रोज बघते मी हे. रोज वाटतं, बघा, अभ्यासाला बसलीत आणि हातात फोन.

संध्याकाळी मं.ला फोटो दाखवला. तो खुर्चीत बसला.

"मग तिने सांगायचं ना."

"सांगितलं तिने. सबमिट होत नाही म्हणाली."

"नीट सांगायचं."

त्याने फोटो पुन्हा मोठा करून बघितला. मग, "तिचा फोन देऊन टाकायचा?"

मी म्हणाले, लगेच नको. का म्हणाले? हरल्यासारखं वाटलं म्हणून. माझा फोन वापरेल ती. संध्याकाळी, माझ्यासमोर.


८ ऑक्टोबर

जेवणाच्या टेबलावर माझा फोन दिला. पानं सपाट केली, टक्, टक्. सरावाचे हात. मागचे राहिलेले अभ्यासही पाठवले. उशिराचे अर्धे मार्क मिळतील म्हणाली.

मिसिंगच्या जागी हिरवी खूण. ती बघत नव्हती, मी बघत होते.

"आई, तुझ्या फोनवर सगळ्याला टिंग का आहे?"

"कशाला?"

"एव्हरी सिंगल ग्रेड. माय गॉड. क्विझेस पण." थोड्या वेळाने, "हाउ डू यू गेट एनी वर्क डन?"

तिने अगदी बाबाचा आवाज काढला होता. दोघी हसलो. उद्या पुन्हा असंच.


१० ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सई पानं स्कॅन करत होती. मी कणीक भिजवत होते. स्क्रीनवर ताईचा मेसेज आला असणार, तिचं बोट लागून उघडला. माझ्या २९ तारखेच्या मेसेजला एवढ्या दिवसांनी उत्तर, वर माझं तेच वाक्य जोडून. ओंकारची चाचणी संपली, तिला आज सवड झाली.

सई वाचते हळू. रविवारच्या मराठी शाळेत मीच शिकवलंय तिला, काना मात्रा वेलांटी. आणि आपलं नाव तर कुणालाही चटकन दिसतं.

"स-ई. सई वा-या. वाया. चा-ल-ली."

माझे हात कणकेत.

"आई, व्हॉट्स वाया? बाबा म्हणतो तसं? व्हाया फॉर्टी?"

मी नळाकडे बघितलं. खिडकीकडे. एवढी वर्षं पुस्तकांत घालवली आणि एक शब्द सुचला नाही.

"हो," म्हणाले. "तसंच."

"सई व्हाया चालली. व्हाया कुठे?"

"कॉलेजला. पुढे कुठे कुठे जाणार, त्याबद्दल बोलत होतो. ताईमावशी आणि मी."

"व्हाया केमिस्ट्री," ती म्हणाली, आणि हसली. खूश होती. आपल्याबद्दल मोठ्या माणसांत बोलणं होतं याचं तिला बरं वाटलं. पुढचं पान. टक्.

पूर्ण वाक्य असं होतं: सई वाया चालली आहे बहुतेक. ओंकारचं ऐकलं की बरं वाटतं, घरात एक तरी.

ताईचं उत्तर: असं कोणी वाया जात नसतं गं. आधी आपला रक्तदाब बघ.

दोन्ही मेसेज पुसले. आपल्याकडून पुसले की ताईकडे राहतात. कणकेचे ठसे काचेवर राहिले.


१२ ऑक्टोबर, रविवार

मराठी शाळा. कम्युनिटी सेंटरची तीच खोली, तेच बेसिन. आल्यावर तक्ते लावायचे, जाताना काढायचे. बाराखडी. ऋतू. आणि बेसिनवर लावायचा तो: पाणी वाया घालवू नका. नळ सईने काढलेला, दुसरीत असताना. नळाला डोळे आहेत. अक्षरं माझी.

लावताना काही लक्षात आलं नाही. कसं आलं नाही?

आज क्रियापद होतं जाणे. वाक्यात उपयोग करा. एकेकाने उठून म्हणायचं. मी शाळेत जाते. बाबा ऑफिसला जातो. जातात रे, जातात. कुत्रा जातं. हशा.

सई सगळ्यांत मोठी, शेवटच्या टेबलाशी. तिची पाळी आली तेव्हा ती वहीत बघत नव्हती. बेसिनकडे बघत होती. किती वेळ बघत होती माहीत नाही.

उभी राहिली.

"वेळ वाया जातो."

"छान."

"पाणी वाया जातं."

मी खडू खाली ठेवला.

"सई वाया जाते."

जातो, जातं, जाते. तिन्ही लिंगं बरोबर. तो-ती-ते तिला कधी जमलं नव्हतं. खुर्ची तिच्यासाठी कायम तो असायची. पोरं माझ्याकडे बघत होती. चूक की बरोबर, ऐकायला थांबलेली.

"बरोबर," म्हणाले.

ती बसली. पुढच्या मुलाला नाव घेऊन उठवलं.

परतताना गाडीत मागे बसली. तक्त्यांच्या गुंडाळीशेजारी.


१३ ऑक्टोबर

मं.ला सांगितलं.

"असं लिहायचं कशाला?"

"तू रोज बोलतोस तेच लिहिलं."

"मी मराठीत बोलतो. तिला कळत नाही."

"आता कळतं."

तो गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ काहीतरी लावत होता. जाऊन बघितलं तर जुन्या वायरी गुंडाळत होता, एकेक, रबरबँड लावून. तिचा चार्जर वेगळा काढून ठेवला होता.


१६ ऑक्टोबर

तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले. आमच्या घरात मोठ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धत नव्हती. त्यासाठी शब्दच नव्हता. चुकलं, म्हणायचं तर ते लहानांनी. म्हणून "सॉरी" म्हणाले.

"फॉर व्हॉट?"

खरंच विचारत होती. की ऐकायचं होतं.

"त्या शब्दाबद्दल."

"इट्स जस्ट अ वर्ड, आई."

मला असं सांगावं, मला.

"आणि व्हाया म्हणाले त्याबद्दल."

यावर तिने वर बघितलं. तेवढंच. म्हणजे शब्दापेक्षा ते लागलं होतं. मला वाटलं होतं उलट. ती खूश होऊन हसली होती ना तेव्हा, व्हाया केमिस्ट्री म्हणून.

पुढे काहीतरी बोलायला हवं होतं. विचारलं, आज पानं स्कॅन करायची आहेत का? तिने हात पुढे केला. फोन दिला. मी बाहेर येऊन बसले. आता समोर बसत नाही. तिने काय वाचायचं ते वाचावं.


२० ऑक्टोबर

दिवाळी. दिवे लावायच्या आधी डबा उघडला, फोन काढला, पुसला. फटीत एक तांदूळ अडकला होता, पिनेने काढला. चार्ज करून तिच्या ताटाशेजारी ठेवला. मं.ने मान हलवली, कर म्हणून.

सई आली, करंजी उचलली, फोन बघितला.

"घे," मी म्हणाले. "तुझा आहे."

"राहू दे."

हे मराठीत म्हणाली. अगदी घरच्यासारखं, पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढायला गेल्यावर म्हणतात तसं.

"अगं, घे. मैत्रिणींचे मेसेज असतील."

"आय नो व्हेअर इट इज," म्हणाली. उठली, डब्याचं झाकण काढलं, फोन आत ठेवला, वरून तांदूळ सारखे केले. माझ्याहून नीट. झाकण लावलं. मग हात झटकून करंजी खाल्ली.

मं. माझ्याकडे बघत होता. मी डब्याकडे.

ताईला सांगितलं तर म्हणाली, अगं, मग चांगलंच आहे की! गुणी आहे पोर. काय सांगू तिला?


२४ ऑक्टोबर

शाळेच्या ॲपचा आवाज बंद केला. सकाळी. दुपारपर्यंत तीनदा उघडून बघितलं. आवाज होता तेव्हा निदान थांबायचे तरी.

केमिस्ट्री वर सरकतेय. सावकाश. बाईंना पुरेल का, सांगता येत नाही.

ती शिष्टासारखी वागत नाही. टोमणे नाहीत. भाजी निवडायला बसते. कुठला डबा कुठे, विचारते. ओंकारची सहामाही कशी गेली, विचारलं. मला यातलं काहीही नको आहे. एकदा तिच्या खोलीतून तसं हसू ऐकू यावं, कुणाशी तरी, कशावर तरी.

लोकेशनच्या ॲपवर ठिपका पुन्हा जिवंत झालाय. दिवाळीला चार्ज केला, त्याचा. सई: घर. दिवसभर घर. मी तो बघते आणि माहीत असतं की ती तिथे नाही.


२८ ऑक्टोबर

मं. म्हणाला, खालच्या वर्गात गेली तरी काय बिघडलं? दहावीच तर आहे.

म्हणाला, आणि त्यालाच ऐकू आलं.

"टेन्थ ग्रेड," सई म्हणाली. हलकेच. त्याच्या ताटात पोळी वाढली.


३० ऑक्टोबर

आज बाई कळवणार होत्या.

काउंटरवर बसून होते. परत आलेली पुस्तकं, बारकोड, गाडा. दुपारी मुलं आली, टेबलं भरली, टक्, टक्. सईची बस येऊन गेली असणार. फोन नाही. घरात शिरली की फोन करायचा, हे तिने एकदाही चुकवलं नव्हतं.

लोकेशन उघडलं. सई: घर. बंद केलं. काय मूर्खपणा.

बटणांच्या फोनवर मी लावला. वाजून वाजून बंद. मं.ला लावायला घेतला, त्याचा मीटिंगचा आवाज आठवला, ठेवला. बाहेर लवकर अंधारून येतं आता. पार्किंगच्या पलीकडे ग्रीनवेची पायवाट झाडांत शिरते. सायकली, कुत्री फिरवणारी माणसं. शाळेपासून ती पायवाट इथपर्यंत येते हे मला माहीत आहे. तिला कधी येऊ दिलं नाही.

स्क्रीनवर मेल आला. बाईंचा. विषयात सईचं नाव आणि पुढे क्वार्टरचं काहीतरी. बोट तिथे नेलं.

तेवढ्यात फोन वाजला. तिचा.

वारा, पाचोळा, चालण्याचा श्वास. मागे आणखी कोणीतरी मुलगी मोठ्याने काही म्हणाली आणि दोघी हसल्या. तेच हसू, तुकड्यांतलं.

"कुठे आहेस? किती फोन केले..."

"आई, चिल. बस सोडली. आम्ही चालत येतोय." आणि मग मराठीत, "मी वाया लायब्ररी येतेय."

फोन बंद.

वाया म्हणाली की व्हाया, कळलं नाही. बटणांचा तो फोन, आवाज फुटतो त्याच्यात. वाऱ्यात पहिलं अक्षर गेलं.

मेल उघडला नाही. काउंटरवरून उठून दाराजवळच्या खुर्चीत बसले. तिथून पायवाटेचं तोंड दिसतं. हे तिथेच बसून लिहितेय, अजून कोणी आलेलं नाही.